दर्याची कैफियत

महाराष्ट्रातून लोकसभेवर जे 48 सदस्य जातात, त्यांत ज्यांच्या मतदारसंघाला खाऱ्या पाण्याचा स्पर्श आहे असे थोडे आणि ज्यांच्या मतदारसंघात पिण्याच्या पाण्याचीच दर उन्हाळ्यात भ्रांत पडते असे पुष्कळ, ही गोष्ट नकाशा पाहणाऱ्या कोणालाही सहज दिसण्याजोगी असली, तरी तिचा व्यवहारातील अर्थ दिल्लीच्या नॉर्थ अव्हेन्यूतील खासदारांच्या निवासाचे जिने चढू-उतरू लागल्यावाचून माझ्या ध्यानी आला नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या 720 किलोमीटर किनाऱ्यावर भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधावे, होडीच्या इंधनाला सवलत असावी की नसावी, मासळीच्या हंगामात नुकसान झाले तर ते कोणत्या खात्याने मोजावे, या सर्व प्रश्नांवर ज्यांचा शब्द चालतो ती माणसे बहुतांशी डोंगराची, माळाची, काळ्या जमिनीची असतात; आणि किनाऱ्यावरच्या माणसाला आपली कैफियत अखेर त्यांच्याच पुढे मांडावी लागते. ती मांडण्याच्या कामी काही वर्षे माझ्यासारखा परभणीचा माणूस उपयोगी पडला, हा योगायोग नव्हता असे आता मला वाटते.

माझे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठापासून फार दूर नाही. वडील निजामी अमदानीत तहसील कचेरीत पेशकाराच्या हाताखाली होते. अर्ज, हरकत, तक्रार, जबाब या कागदांचा घाट कसा असावा, मजकुराआधी मुद्दा कसा यावा आणि मागणी शेवटच्या ओळीत एकच कशी असावी, हे मी शाळेत शिकण्यापूर्वी घरात शिकलो. परभणीच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन सहकारी कर्जपुरवठ्याच्या कामात नोकरीला लागलो, आणि बदलीच्या फेऱ्यात त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यात येऊन पडलो. तेथे पीककर्जाबरोबर मच्छीमार सहकारी संस्थांची नौकाकर्जेही तपासावी लागत. हिशेब तपासताना नाखव्यांशी आणि तांडेलांशी ओळखी झाल्या, निवृत्तीनंतर त्या टिकल्या, आणि 2008 साली किनारपट्टीच्या नव्या नियमांचा इंग्रजी मसुदा गावागावांत येऊन पडला तेव्हा "तुम्ही कागदाचे माणूस, तुम्ही लिवा" म्हणून संस्थेच्या लोकांनी मला गाठले.

पुढील भाग समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. समुद्रकिनारा भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत मोकळा ठेवावा असे पत्र इंदिरा गांधी यांनी 1981 साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. त्याला कायद्याचे बळ मिळायला दहा वर्षे लागली. 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. ती पर्यावरण संरक्षण अधिनियम, 1986 याच्या आधारे निघालेली होती. म्हणजे संसदेने कायदा एकदा केला, आणि किनाऱ्याचे सगळे भवितव्य त्या कायद्याखाली मंत्रालयाने काढलेल्या राजपत्रातील कागदावर अवलंबून राहिले. त्या कागदात पुढल्या वीस वर्षांत वीसहून अधिक वेळा दुरुस्त्या झाल्या, आणि त्यांतील एकीवरही सभागृहात हात वर झाले नाहीत. मे 2008 मध्ये जी मसुदा-अधिसूचना आली तिने अंतराच्या ठाम रेषेऐवजी 'व्यवस्थापन' आणले. मच्छीमारांना ते धरसोडीचे वाटले, आणि त्या उन्हाळ्यात नॅशनल फिशवर्कर्स फोरमने कच्छपासून कोलकात्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने यात्रा काढली. संसदेच्या विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण व वने या विषयांच्या स्थायी समितीनेही मच्छीमारांचे म्हणणे ऐकून या मसुद्याची घाई करू नये असे बजावले; पुढे डॉ. स्वामिनाथन यांच्या समितीने तो व्यपगत होऊ द्यावा अशी शिफारस केली, आणि जुलै 2009 मध्ये तो तसा झाला.

या प्रकरणाने मला शिकवलेली पहिली गोष्ट अशी की, ज्या ठिकाणी खासदाराला मतदान करायचेच नसते त्या ठिकाणी त्याच्याकडे मत मागून उपयोग नसतो. आमची अनेक शिष्टमंडळे पहिल्या भेटीत "साहेब, हा कायदा होऊ देऊ नका" अशी विनवणी करीत, आणि साहेब तितक्याच मनमोकळेपणाने "नाही होऊ देणार" असे सांगून चहा पाजीत. तो चहा आमच्या चळवळीला फार महाग पडला. खासदाराच्या हातात या बाबतीत जे खरे साधन आहे ते म्हणजे प्रश्न. आणि प्रश्न विचारणे हे भाषणापेक्षा कितीतरी रुक्ष, किचकट आणि परिणामकारक काम आहे. पंधरा पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते, चिठ्ठ्या पडतात, लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न यादीत लागतात आणि त्यांतील पहिले चारसहाच प्रत्यक्ष तोंडी उत्तराला येतात. बाकीच्यांची उत्तरे लेखी मिळतात. पण लेखी उत्तरही मंत्र्याच्या नावाने पटलावर जाते, आणि "राज्य शासनाकडून माहिती गोळा केली जात आहे" एवढेच जरी त्यात असले तरी ते आश्वासन मानले जाते व शासकीय आश्वासनांविषयीच्या समितीच्या वहीत त्याची नोंद होते. त्या वहीतली नोंद तीन महिन्यांत निकालात काढायची असा दंडक आहे. तो पाळला जातोच असे नाही, परंतु नोंद जिवंत राहते आणि तिच्या मागे लागता येते. वडील म्हणत, कचेरीत कागद मेला तरी आवक क्रमांक मरत नाही. दिल्लीतही तेच दिसले.

तरी प्रश्न विचारायला खासदार तयार होण्याआधी त्याला तो आपला वाटावा लागतो, आणि इथे माझ्या मुलखाचा उपयोग झाला. मराठवाड्यातून लोकसभेत 8 सदस्य जातात. त्यांच्यापैकी एका सदस्याकडे आम्ही सकाळी नऊच्या सुमारास गेलो होतो. बैठकीच्या खोलीत एम्समध्ये खाट मिळावी म्हणून चिठ्ठीसाठी आलेले रुग्णांचे नातलग, सचखंड एक्स्प्रेसच्या आरक्षणाचा आपत्कालीन कोटा मागणारे विद्यार्थी, आणि एका साखर कारखान्याचे दोन संचालक अशी गर्दी बसलेली; तिच्यात आमच्या दोन कोळणी, हिरव्या-तांबड्या लुगड्यांत, डोक्यात अबोली, इतक्या निःसंकोचपणे जाऊन बसल्या की काही क्षण खोलीतले बोलणेच थांबले. सदस्य महाशयांनी माझे गाव विचारले, मी सांगितले, आणि मग त्यांनी चश्म्यावरून पाहून म्हटले, "काका, तुम्ही तर आपल्याकडचे. या दर्यावाल्यांत कसे काय गुंतलात?"

मी उत्तर देण्याऐवजी पिशवीतून किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा काढून फरशीवर पसरला. नकाशावर त्या कोळणींच्या गावाच्या पश्चिमेला घरांची गर्दी संपते तेथून भरतीरेषेपर्यंत एक पांढरी पट्टी होती, रिकामी, कोणत्याही खुणेवाचून. वयस्कर कोळीणबाईंनी त्या पट्टीवर बोट ठेवले. "सायेब, हिथं आमच्या वलांड्या हायत. बांबूवर बोंबील टांगतो, खाली जवला पसरतो. पावसाळ्यात धंदा बंद असतो तवा त्याच्यावर घर चालतं. ह्या कागदात ती जागा मोकळी धाकवलीय." सदस्य महाशय शेतकरी घराण्यातले होते, ते खुर्चीवरून उठून नकाशाजवळ उकिडवे बसले, बोटाने पट्टीची लांबी मापली आणि म्हणाले, "म्हणजे हे तुमचं खळंच झालं की. खळ्यावर कोणी बंगला बांधू देईल का?" मी बराच वेळ लावून जे मांडणार होतो ते त्यांनी एका वाक्यात स्वतःच मांडले होते, आणि मला बोलण्यासारखे फारसे उरले नव्हते. मात्र लगेच त्यांनी जो दुसरा प्रश्न विचारला तो जास्त अवघड होता: "पण या जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे?"

तो कोणाच्याच नावावर नव्हता. किनाऱ्यावरील बहुतेक कोळीवाड्यांची हीच दशा आहे. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे, परंतु महसुली दप्तरात ती जमीन सरकारची किंवा पडीक. हैदराबाद संस्थानातून आलेल्या आमच्या मुलखात 1954-55 सालच्या खासरा पाहणीपत्रकाने निदान कसणाऱ्याचे नाव कागदावर एकदा चढवले, आणि त्याच्या आधारे आजही लोक कोर्टात उभे राहतात; समुद्राच्या काठावर तशी एखादी पाहणी झालीच नाही. मराठवाड्याच्या त्या सदस्याला हे सांगताना मला कोणतीही उपमा शोधावी लागली नाही. नोंद नसलेल्या वहिवाटीचे दुःख त्याने आपल्या मतदारसंघात गायरानाच्या आणि इनामी जमिनींच्या रूपाने रोज पाहिलेले होते. त्याने विचारलेला लेखी प्रश्न पुढे त्या अधिवेशनात लागला. उत्तर अपेक्षेप्रमाणे मोघम आले, पण कोळीवाड्यांची नकाशावर नोंद असावी, हे म्हणणे त्या काळात अनेकांनी अनेक ठिकाणांहून लावून धरले होते. जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना 2009-10 मध्ये मुंबई, गोवा, चेन्नई अशा ठिकाणी जाहीर विचारविनिमय झाला, आणि 6 जानेवारी 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. तिचे श्रेय आमच्या एका प्रश्नाला देण्याचा वेडगळपणा मी करणार नाही. पालघरच्या किनाऱ्याला ती तरतूद लागू नव्हती, हेही तितकेच खरे.

आमचे काम नुसत्या पर्यावरण मंत्रालयाशी नव्हते. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे आणि प्रादेशिक जलधीच्या पलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत. ती सीमा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरवर. मासळीला ही सीमा ठाऊक नसते, पण अधिकाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक असते, आणि दिल्लीतल्या मंत्रालयाकडे गेलात तर "हा राज्याचा विषय", मुंबईत गेलात तर "हे केंद्राच्या धोरणात येते" असे उत्तर मिळण्याची सोय तिने करून ठेवली आहे. त्यातच 2019 पर्यंत केंद्रात मत्स्यव्यवसायाला कृषीपासून वेगळे मंत्रालय नव्हते. तो विभाग कृषी मंत्रालयात, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाच्या जोडीला बसलेला असे. पुष्कळ मच्छीमार नेत्यांना हा अपमान वाटत असे, आणि त्यांचे वाटणे मी समजू शकतो. तरी माझा अनुभव थोडा निराळा आहे. मत्स्यव्यवसायाच्या मागण्या ज्या संसदीय समितीपुढे तपासणीला येत ती कृषीविषयक स्थायी समिती, 31 सदस्यांची, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. तिच्यात ऊस, कापूस, सोयाबीन यांच्या मुलखातली माणसे बसत. या माणसांना पुळणीचे सौंदर्य सांगून उपयोग नसे, परंतु कर्ज, विमा, अनुदान, नुकसानभरपाई या शब्दांना त्यांचे कान लगेच टवकारत.

जानेवारी 2013 मधल्या डिझेलच्या प्रकरणात हे फार स्पष्ट दिसले. तेल कंपन्यांनी घाऊक ग्राहकांना अनुदान नसलेल्या दराने डिझेल द्यायचे ठरवले, आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे बंदरावरचे पंप घाऊक ग्राहकांत गणले गेले. लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास फरक पडला. एका फेरीत शेकडो लिटर जाळणाऱ्या नौकेला तो फरक सोसण्याजोगा नव्हता. अनेकांनी नौका बंदराला बांधून ठेवल्या. आम्ही किनाऱ्यावरच्या सदस्यांकडे गेलो, त्यांनी सहानुभूती दाखवली. आतल्या मुलखातल्या सदस्यांकडे जाताना मात्र मी अर्जाचा पहिला परिच्छेद बदलला. ज्या निर्णयाने संस्थांचे पंप घाऊक ठरले होते त्याच निर्णयाने एस.टी. महामंडळही घाऊक ठरले होते, आणि आगारातला पंप सोडून एस.टी.च्या गाड्यांना किरकोळ पंपांवर डिझेल भरावे लागत होते. जिंतूर किंवा पाथरीच्या माणसाला समुद्र ठाऊक नसेल, पण एस.टी. ठाऊक आहे. "मग तुमचं आणि आमचं दुखणं एकच" असे एका सदस्याने म्हटले आणि आपल्या भाषणाच्या टिपणात एस.टी.च्या खाली मच्छीमारांच्या पंपांचा उल्लेख स्वतःच्या हाताने लिहून घेतला. पुढे सभागृहात त्यांना वेळ किती मिळाला हा भाग वेगळा. तरी सोळा पानी निवेदनापेक्षा ती एक ओळ मला अधिक मोलाची वाटली. (सोळा पानी निवेदने कोण वाचतो हा प्रश्न मी चळवळीतल्या मित्रांना वारंवार विचारला आहे, समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.)

दुष्काळाच्या बाबतीत मात्र हीच युक्ती अपुरी पडली. आमच्याकडे पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की शेतसाऱ्यात सूट, कर्जाची फेरआखणी, टँकर, असा सगळा सरंजाम निदान कागदोपत्री हलू लागतो. मच्छीमारांची मागणी होती की मासळीचे उत्पन्न घसरले तर 'मत्स्यदुष्काळ' जाहीर व्हावा. कृषी समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्याने मागणी ऐकून घेतली आणि विचारले, "शेतात तलाठी पीक कापून वजन करतो. तुमच्या दर्यात वजन कोण करणार?" कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरलेल्या मासळीचे नमुने घेऊन दरवर्षी राज्यवार अंदाज काढते, हे मी सांगितले. ते म्हणाले, अंदाज राज्याचा, नुकसान गावाचे. एका गावाची मासळी गेली आणि शेजारच्याला पर्ससीनवाल्याने भरघोस मिळवून दिली, तर राज्याचा आकडा जागेवरच राहतो. त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि मच्छीमारांच्या कितीतरी मागण्यांच्या मुळाशी हाच अडथळा आहे असे मला तेव्हापासून वाटते: दर्यावर गावनिहाय दप्तर नाही. 2018-19 च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायालाही लागू करण्याची घोषणा झाली, तेव्हाही बँकेच्या शाखेत पहिला प्रश्न "तारण काय?" हाच आला.

माझे म्हणणे असे नव्हे की, आतल्या मुलखातला प्रतिनिधी किनाऱ्यावरच्यापेक्षा शहाणा असतो. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, त्यांनी राजापूर मतदारसंघ ज्या ममतेने सांभाळला ती जन्माने आलेली होती. त्यांच्यामागून 1971 ते 1991 त्याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे मधु दंडवते जन्माने अहमदनगरचे, आणि कोकणाने त्यांना परके मानले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 साली नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी विदर्भातले. 1998 साली वाढवणच्या बंदराला नकार देणारा निर्णय त्यांच्या प्राधिकरणाचा. ते बंदर पुढे मंजूर झाले, ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला त्याची पायाभरणीही झाली, आणि त्या दिवसांत माझ्या जुन्या मित्रांचे जे फोन आले त्यांतील बोलणे येथे लिहिण्याजोगे नाही. एवढे मात्र सांगतो की, किनाऱ्यावरची जमीन सोन्याच्या भावाची झाल्यापासून तिच्याविषयी सभागृहात निर्भीडपणे बोलणे किनाऱ्यावरच्या सदस्यापेक्षा लांबच्याला सोपे जात असावे, असा माझा संशय आहे. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मनाई असलेला पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला, तेव्हा त्याविषयी ज्यांनी आपणहून माझ्याकडून टिपण मागवले त्यांत मराठवाड्यातले एक सदस्य होते. किनाऱ्यावरून मात्र मागणी आली नाही.

मत्स्यव्यवसायाला आता, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाच्या जोडीने का होईना, कृषीपासून वेगळे मंत्रालय आहे. स्थायी समिती मात्र अजून कृषी, पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रिया यांचीच, आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या मागण्या तिच्याचपुढे जातात. म्हणजे दर्याची वही अजून ऊसकऱ्यांच्याच टेबलावर उघडते. मी परभणीत येऊन राहिलो आहे. दिल्लीची दगदग झेपत नाही. येलदरीच्या जलाशयावर मासेमारी करणाऱ्या भोई समाजाची माणसे अधूनमधून अर्ज लिहून घ्यायला येतात, आणि त्यांचा आग्रह बहुधा एकच असतो की थेट खासदारसाहेबांना लिहा. मी त्यांना आधी विचारतो, भांडण तलावाच्या ठेक्याचे आहे की 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील पिंजऱ्यांच्या अनुदानाचे. ठेक्याचे असेल तर कागद राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि आमदारांकडे जातो. अनुदानाचे असेल तर दिल्लीकडे. बहुतेक वेळा ते दोन्हींचे असते, आणि मग मी दोन निराळे अर्ज लिहितो, दोन्हींच्या प्रती काढायला लावतो आणि आवक क्रमांक घेतल्यावाचून कचेरीतून परत येऊ नका, असे बजावून त्यांना पाठवतो.